मशीनची उष्टी बाजू

आमच्या गृहरचना संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत अध्यक्षमहाशयांनी एक लेख लिहिला आहे. त्यांचे चिरंजीव आणि माझी कन्या अमेरिकेत एकाच विद्यापीठात शिकत असताना चिरंजीवांनी तिला तिथल्या भोजनगृहात काम मिळवून दिले, ते पर्यवेक्षक होते आणि ती त्यांच्या हाताखाली भांडी धूत असे, असे त्यात छापले आहे. हे धादांत खोटे आहे. काम तिने मिळवले. आधी स्वतःसाठी, नंतर त्यांच्यासाठी. ज्यांना एवढेच जाणून घ्यायचे असेल त्यांनी इथे थांबावे. मी थांबणार नाही.

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत बौद्धांचे घर आमचे एकच. मी पाटबंधारे खात्यात अभियंता होतो. खडकवासल्याहून शहराकडे पाणी सोडण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. बुद्धपौर्णिमेची खीर आमच्या घरून अध्यक्षांकडे जाई आणि तिथून परस्पर त्यांच्या मोलकरणीच्या डब्यात. हे मला मोलकरणीनेच सांगितले. अध्यक्षांच्या नळाला येणारे पाणी मात्र मी सोडलेले असे आणि ते त्यांना चालत असे.

उदारीकरणाची सुरुवातीची वर्षे होती. संगणक शिकायला अमेरिकेला जाण्याची लाट पेठांमध्ये नुकतीच शिरली होती. दोन्ही मुले एकाच वर्षी गेली. विद्यार्थ्याला तिथे काम करायचे तर ते विद्यापीठाच्या आवारातच, तेही आठवड्याचे मोजके तास. ग्रंथालयातली आणि संगणक कक्षातली कामे आधीच्या मुलांनी धरून ठेवलेली असत. माझी मुलगी पोहोचली त्याच आठवड्यात भोजनगृहाच्या व्यवस्थापक बाईंपुढे जाऊन उभी राहिली. गर्दीच्या वेळी निभावेल का, असे त्यांनी विचारले. जयंतीला आमच्या विहारात अख्ख्या वस्तीची पंगत उठल्यावर भांडी आम्ही मुलीच काढतो, असे तिने सांगितले. बाईंनी तिला तिथल्या तिथे ठेवून घेतले. वर्गापासून पायी जाण्याइतके जवळ, बाहेर बर्फ असताना आत ऊब, आणि कामाच्या वेळी पोटभर जेवण. परक्या देशात विद्यार्थ्याला याहून चांगले काम कोणते, ते मला अध्यक्षांनी सांगावे.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथपुढे रांग लागे. काचेच्या खोलीचे दार नीट बसत नसे आणि समुद्रापलीकडे ऐकू जावे म्हणून प्रत्येक जण ओरडे. एका रविवारी अध्यक्ष आत ओरडत होते, "प्रयोगशाळेत ना? वा, वा!" बाहेर आल्यावर त्यांनी रांगेला ऐकू जाईल अशा बेताने मला विचारले, "प्राध्यापकांनी आपणहून बोलावलं आमच्याला. कन्येचं काय?"

"भोजनगृहात भांडी धुते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असू द्या, असू द्या. तुमच्याकडे सवय असतेच म्हणा."

रांग हसली. कोण कोण हसले ते माझ्या लक्षात आहे. त्यातले काही आज स्मरणिकेच्या संपादक मंडळावर आहेत.

त्या आठवड्यात चिरंजीवांना कोणतेही काम नव्हते. आवारातल्याच एका उपाहारगृहात ते लागले होते. ताटात गोमांस राहिलेले दिसले की ताट तसेच सोडून बाजूला होत, म्हणून काढले गेले. शेवटी ते माझ्या मुलीकडे आले. तिने बाईंकडे शब्द टाकला आणि त्यांना काम मिळाले.

भोजनगृहातले भांडी धुण्याचे यंत्र कसे चालते ते सांगणे भाग आहे. एका बाजूने उष्टी ताटे येतात. तिथे उभा असलेला माणूस खरकटे काढतो, ताटे जाळीत रचतो आणि यंत्रात ढकलतो. दुसऱ्या बाजूने ती वाफाळत, स्वच्छ बाहेर येतात. तिथला माणूस ती उचलून ठेवतो. वेग ठरवायचा तो उष्ट्या बाजूने, आणि यंत्र थांबवायचे तेही तिथूनच. म्हणून पाळीचा प्रमुख तिथे उभा राहतो. दुसऱ्या सत्रापासून पाळीची प्रमुख माझी मुलगी होती. चिरंजीवांना उष्ट्याला हात लावायचा नव्हता, म्हणून तिने त्यांना स्वच्छ बाजूला उभे केले. त्यांनी तिला एकच विनंती केली, घरी कळू देऊ नकोस. तिने ते फक्त मला सांगितले आणि माझ्याकडूनही गप्प राहण्याचा शब्द घेतला.

पुढे काळ पालटला. चिरंजीव परत येऊन हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर बसले आणि अमेरिकेत भांडी धुतलेली असणे हा एकाएकी दागिना झाला. प्रयोगशाळा गेली, भोजनगृह आले, आणि त्याबरोबर एक छायाचित्रही बाहेर आले. त्यात पांढऱ्या एप्रनमध्ये स्वच्छ ताटांशी चिरंजीव. पलीकडे रबरी एप्रन घालून खरकट्यात कोपरापर्यंत हात घातलेली माझी मुलगी. साहेब कोण आणि हाताखालचे कोण, हे अध्यक्षांनी त्यावरून ठरवले. त्यांनी जाणूनबुजून खोटे रचले असे मी म्हणत नाही. त्यांना ते तसेच दिसले. माझा राग त्याचाच आहे.

समारंभात, खाली गाड्या लावायच्या जागेत, त्यांनी तो लेख वाचून दाखवला. मी उभा राहिलो.

"चिरंजीव समोरच बसले आहेत. त्यांना विचारू."

अध्यक्ष म्हणाले, "अहो साहेब, नंतर बोलू. जेवणं खोळंबलीत."

"खोळंबू द्यात. काय हो, तुम्हाला त्या कामावर कोणी लावले?"

चिरंजीव अर्धवट उठले. "काका, किती जुनी गोष्ट आहे."

"ती मी नाही, तुमच्या वडिलांनी छापली."

"तिने," ते म्हणाले.

"पर्यवेक्षक कोण?"

"तीच."

"आणि आपण स्वच्छ बाजूला कसे?"

त्यांची पत्नी त्यांच्याकडे पाहत होती. "मला उष्ट्याला हात लावायला नको वाटायचं."

"मग कोण लावत असे?"

उत्तर येईपर्यंत मी बसलो नाही.

"ती लावायची, काका."

मी बसलो. तोच अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "पाहिलंत? किती मोठं मन! सगळं श्रेय देऊन टाकलं!" आणि टाळ्या पडल्या. त्यांच्या मुलाने भर सभेत सांगितलेले सत्यही त्यांनी त्याच्याच थोरवीच्या खाती जमा केले.

कोणीतरी कळवले असावे. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, मी त्याला शब्द दिला होता."

"तू पाळलास."

"तुम्हीही दिला होतात मला."

"त्यांनी छापेपर्यंत मीही पाळला."

"मला आता काही वाटत नाही हो त्याचं. सोडून द्या ना."

"तुला वाटू नये. मला वाटते."

ती म्हणाली, "टाळ्या पडल्या म्हणे त्याच्यासाठी." आवाजात हसू होते की काय, मला ठरवता आले नाही. "आता काय करणार?"

ती स्मरणिका इमारतीतल्या प्रत्येक घरात गेली आहे. हा लेखही जाईल. पत्रपेट्या तळमजल्यावर आहेत आणि जिना उतरण्याइतके माझे गुडघे अजून शाबूत आहेत.