विहीरबुजव्यांचा पहिला घोट

आत्या पाण्याच्या प्रयोगशाळेत लागली त्या दिवसापासून तिच्या आडनावाची टिंगल सुरू झाली, ती एकतीस वर्षं झाली तरी थांबलेली नाही. आडनाव विहीरबुजवे. आणि काम काय, तर शहरातल्या विहिरी, टाक्या, नळ यांचं पाणी बाटलीत भरून आणायचं आणि तपासायचं. "आत्या, बाटलीच भरा हं, विहीर नका भरू," असं म्हणणारा एक तरी शहाणा दर वर्षी बदलून येतो, आणि हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात हसतो. आत्या हसत नाही. बाटलीवर चिठ्ठी चिकटवते आणि कामाला लागते.

आत्या ती फक्त भाचीची. भाऊ-भावजय गेल्यावर भाचीला तिनेच वाढवलं. शाळा सुटली की पोरगी प्रयोगशाळेत येऊन "आत्या, आत्या" करत बसायची, म्हणून सगळ्या कचेरीची ती आत्या झाली. लग्न केलं नाही. ते आडनाव सुटू नये म्हणून केलं नाही, असंही लोक म्हणतात. लोकांचं काय, त्यांच्या जिभेला हाड नसतं.

एके काळी शहरात विहीरबुजव्यांची अकरा घरं होती. आता चार. बाकीच्यांनी कुणी आईकडचं आडनाव लावलं, कुणी आजोबांचं नावच आडनाव म्हणून पुढे ओढलं. उरलेल्या चारांतल्या तीन घरांत म्हातारी माणसं. चौथ्यात आत्या आणि भाची. म्हणजे हे आडनाव पुढे चालवणारी एकटी भाचीच. आणि तिने आडनाव बदलायचा अर्ज भरून कपाटावर ठेवला होता. नोकरीच्या मुलाखतीत तिघांपैकी दोघे आडनाव वाचून हसले होते. अर्जातला सगळा मजकूर भरून झाला होता, फक्त 'बदलाचे कारण' ही ओळ कोरी होती.

"काय लिहू गं, आत्या?"

"तुझं तू ठरव," आत्या म्हणाली आणि भांडी घासायला गेली. त्या दिवशी भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली गेली.

आडनाव कुठून आलं ते आत्याला वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांना त्यांच्या आजीने. पणजोबांच्या वडिलांच्या काळी चौकातल्या विहिरीचं पाणी बिघडलं. आठ दिवसांत गल्लीतली पाच पोरं गेली, त्यांतली दोन पणजोबांच्या वडिलांची स्वतःची. ते दारोदार सांगत फिरले की हे पाणी पिऊ नका. ऐकतो कोण? दुसरी विहीर लांब, आणि पाणी दिसायला स्वच्छ. शेवटी त्यांनी आपल्याच घराच्या भिंती पाडल्या आणि त्या दगडांनी भरदिवसा विहीर बुजवली. बायका लांबून पाणी आणताना त्यांना शिव्या घालत, आणि त्या शिवीचंच आडनाव झालं. त्यांनीही ते टाकलं नाही. तेव्हापासून घरात एक वळण पडलं: पाणी कुणालाही द्यायचं तर आधी आपण एक घोट घ्यायचा, क्षणभर थांबायचं, मग द्यायचं. पाहुणा असो की तान्हं मूल.

या वळणानेच घात केला. एक निवृत्त हेडमास्तर गावातल्या आडनावांवर पुस्तक लिहीत होते. ऐन दुपारी घरी आले. आत्याने तांब्या आणला, आधी आपण घोट घेतला, थांबली, मग त्यांना पेला भरून दिला. हेडमास्तरांचं तोंड जे वाकडं झालं ते सरळ झालंच नाही. आत्याने सगळी हकीकत सांगितली, त्यांनी मान डोलावली, वहीत मात्र एक अक्षर लिहिलं नाही.

पुस्तक आलं. त्यात होतं: 'शेजाऱ्याशी झालेल्या भांडणातून या घराण्याच्या मूळ पुरुषाने सार्वजनिक विहीर बुजवली. आपल्याआधी दुसऱ्याला पाणी मिळू नये हा स्वभाव या घराण्यात अजून दिसतो.'

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक मिटून बाजूला ठेवता आलं असतं, पण नगरपालिकेने चौकातली ती विहीर उकरून, कठडा बांधून, शोभेची करायला घेतली होती. वर पंप, बाजूला पिण्याचा नळ, आणि शेजारी दगडी पाटी. पाटीवर हाच मजकूर. सोमवारी उद्घाटन.

आत्या हेडमास्तरांकडे गेली. विहिरीतून निघालेला माल तिने पाहिला होता: उंबऱ्याचा दगड, जात्याची तळी, चौकटीचे तुकडे. "भांडणासाठी कुणी स्वतःचा उंबरा उचकटून विहिरीत टाकतं का, गुरुजी?"

"दगडावर नाव आहे का तुमचं?" हेडमास्तर म्हणाले. "लेखी पुरावा आणा. पुढच्या आवृत्तीत बघू."

लेखी पुरावा. ज्यांनी घर पाडलं, पोरं पुरली, त्यांनी बसून कागद करायचा होता, शंभर वर्षांनी एका हेडमास्तरांना लागेल म्हणून. आणि भांडणाचा कागद यांनी कुठून आणला, हे विचारायचं आत्याला रस्त्यात सुचलं. तोवर दार बंद झालं होतं.

गुरुवारी त्याच विहिरीचं पाणी तपासायला आलं. नमुना घ्यायला आत्याच गेली. बाटलीला दोरी आणि वजन बांधून, काठाला न लावता खाली सोडली, भरून वर घेतली, बर्फाच्या पेटीत ठेवली. परत येऊन पाणी नळ्यांत घातलं आणि नळ्या उबेच्या कपाटात. प्रत्येक नळीत एक इवली नळी उलटी ठेवलेली असते. तिच्यात हवेचा बुडबुडा धरला की पाण्यात घाण आहे. शनिवारी तिने कपाट उघडलं. एकूण एक नळीत बुडबुडा होता.

तिला आनंद झाला नाही, हे सांगायलाच हवं. तिने पहिल्यांदा स्वतःवरच संशय घेतला. दुसरी बाटली आणली, शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून तपासून घेतली. सोमवारी सकाळी त्याचंही तेच आलं.

साहेबांनी कागद पाहिला. "आज संध्याकाळी उद्घाटन आहे, आत्या. आठवडाभराने परत तपासू. तोवर 'योग्य' लिहा."

"आणि आठवडाभर पितील ती माणसं?"

"जुनं पाणी आहे, हळूहळू निवळेल."

"साहेब, पोरं तोवर थांबत नाहीत."

साहेब वैतागले. मग एकदम समजुतीच्या सुरात आले. "तुमच्याच भल्याचं सांगतो. विहीरबुजव्यांनी पुन्हा विहीर बंद केली, असं होईल. गाव हसेल. निदान सही तरी दुसऱ्या कुणाची घेऊ."

हे ऐकल्यावर मात्र तिने पेन उचललं. 'पिण्यास अयोग्य' लिहिलं आणि खाली, जिथे एरवी ती दोन अक्षरांचा फराटा मारायची, तिथे पूर्ण आडनाव लिहिलं. एकेक अक्षर सुटं, शाळेच्या पाटीवर लिहावं तसं. कागदाची एक प्रत थेट आरोग्य खात्यात देऊन आली. दुपारी नळाची तोटी काढली गेली, विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप बसलं.

संध्याकाळी चौकात जे व्हायचं तेच झालं. मंडप तसाच, खुर्च्या तशाच, आणि पाहुणे परत गेलेले. हेडमास्तर पाटीशेजारी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बघा, मी लिहिलं होतं की नाही? स्वभाव जात नाही." कुणीतरी आत्याकडे बोट दाखवलं. आत्या जाळीचं कुलूप ओढून बघत होती. तिने मान वर केली नाही, कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

भाची तिला घरी न्यायला आली होती. सकाळी तिने अर्ज कपाटावरून काढून पिशवीत टाकला होता, कारणाची ओळ अजून कोरी.

एक बाई लहान मुलीला घेऊन जाळीपाशी आली. पोरगी तहानेने रडकुंडीला आलेली. "कुणी बंद केली ही? आता हिला पाणी कुठलं पाजू?"

भाचीने पिशवीतली बाटली काढली. झाकण उघडलं. आधी स्वतः वरून एक घोट घेतला, क्षणभर थांबली आणि मग मुलीपुढे धरली. आत्या बघतच राहिली. या वळणाची हिला लहानपणापासून लाज वाटायची, मैत्रिणी आल्या की पहिला घोट ही स्वयंपाकघरात लपून घ्यायची.

बाईचं तोंड वाकडं झालं. "ही कुठली रीत? आधी आपण प्यायचं?"

"आमच्या घरची," भाची म्हणाली, हेडमास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात. "विहीर आम्हीच बंद केली. आम्ही विहीरबुजवे."