खोताच्या पायरीवरचा मान

या वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दाभोळजवळच्या आमच्या वाडीने भिकाजी तांडेलांना खांदा नाकारला. ते माझे चुलते. आजार ऐकून मी आदल्या दिवशीच पोचलो होतो. ऊन चढलं तरी प्रेत अंगणात, नि शेजारची दारं बंद...

काकांचा गुन्हा ऐका. शिमग्यात सारा गाव खोताकडे नारळ घेऊन जातो. खोत ओटीवर, आमची वाडी ओटीच्या पायरीवर आणि खालची वाडी अंगणातल्या धुळीत. सोयरीक जुळवतानासुद्धा आमचे लोक सांगतात, आम्ही पायरीवरचे. काकांनी आयुष्यभर शिडाचा पडाव हाकला. त्यांचे खलाशी खालच्या वाडीतले, आणि वादळात सगळ्यांनी एकाच हंडीतली पेज प्यायलेली. यंदा त्यांतला एक म्हातारा खलाशी उन्हात कण्हत बसलेला दिसला, तसे काका पायरीवरून उठले आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले. आमचे गावकर, म्हणजे वाडीचे पुढारी, वरूनच म्हणाले, "तांडेल, मान सोडलात?"

काका हसले. "अरे, ओटीवरून बघणाऱ्याला आपली नि ह्यांची टाळकी सारखीच दिसतात."

एवढ्यावर त्यांना वाळीत टाकलं. विहीर बंद, बोलणं बंद. दीड-दोन महिन्यांत माणूस खंगून गेला. शेवटी तिरडीला खांदे मिळाले ते खालच्या वाडीतल्या तीन खलाशांचे आणि माझे.

तेराव्यानंतर गावकर खोताकडे गेले. गावकरांना जाब विचारायला मीही मागोमाग गेलो. वाडीने प्रेताला हात लावला नाही, जातीचा मान राखला, असं ते ऐटीत सांगत होते. खोत पानाला चुना लावत म्हणाले, "कोण भिकाजी? खालच्या वाडीतलाच ना रे तो? तुम्ही सगळे मला सारखेच."

गावकर हात जोडून म्हणाले, "होय जी."

मला शिसारी आली. खोताची नव्हे, त्या 'होय जी'ची. ज्या मानापायी यांनी माणूस मारला, तो ओटीवरच्याला ठाऊकसुद्धा नव्हता...

काकीला विहीर अजून बंद आहे. मुंबईच्या गिरण्यांत असलेल्या वाडीकरांनो, गणपतीला घरी याल तेव्हा आधी काकीच्या दारात या, तिची घागर उचला, आणि सगळ्यांच्या देखत आपल्या हातांनी विहिरीत सोडा. गावकर अडवतील. तरी सोडा.