आंब्याचा ओटा

एका जागी बसणं मला जमत नाही. याच्या पायाला भिंगरी आहे, असं आई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाचा हा दोष खपून जातो, उलट लोक त्याला कामसू म्हणतात. पण गेलं वर्षभर ही भिंगरी एकाच झाडाभोवती फिरते आहे. त्या झाडाचं जे झालं ते माझ्या हातून झालं, म्हणून लिहायला बसलो आहे. किती वेळ बसवेल, सांगता येत नाही.

सावंगीच्या रस्त्याला एका खाजगी मालकाचं मुलींचं वसतिगृह उभं करायचं होतं. त्या बाजूला शिकायला येणाऱ्या मुलींना खोल्या पुरत नाहीत, त्यामुळे वावरांच्या इमारती होत चालल्या आहेत. आमची जागाही आधी भाजीचं वावरच होती. परवानगीच्या कागदासोबत झाडांचा नकाशा आला. नऊ झाडं राखायची होती. दोन बाभळी तोडायच्या आणि त्यांच्या बदल्यात नवी झाडं लावून ती जगवायची होती. राखायच्या झाडांच्या बुंध्यांवर मी स्वतः पिवळ्या रंगाने आकडे घातले. फाटकाजवळच्या गावरान आंब्याला चार नंबर आला.

अटी स्पष्ट होत्या. फांद्यांची सावली जिथवर पडते तिथवर कुंपण घालायचं. कुंपणाच्या आत रेती, गिट्टी, गाडी काही नको. खोडात खिळा नको. सिमेंटचं पाणी मुळाशी जाऊ द्यायचं नाही आणि बुंध्याभोवती जमिनीची पातळी बदलायची नाही. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून साइटवरच्या खोलीत लावला आणि येता-जाता वाचून पाठ केला. पाठ होणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे शाळेतले मास्तर मला कानाला धरून सांगायचे. तेव्हा ऐकलं नाही, आताही ऐकलं नाही.

वावर विकणाऱ्या घरातल्या एक काकू पहिल्याच दिवशी येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेल्या, हातात विळा, डोक्यावर पदर. विक्री दिरांनी ठरवली होती, कागदावर सही काकूंचीही होती. नाल्यापलीकडे त्यांच्या वाट्याला भाजीपुरता तुकडा उरला होता. त्यांनी इमारतीबद्दल काहीच विचारलं नाही.

"बाबू, या आंब्याची कोय मी लावली. लगन होऊन आली त्या सालची," त्या म्हणाल्या. "बाकी तुमचं तुम्ही पाहा. याले हात नका लावू."

"काकू, याले कोणी हात लावन तं त्याची माह्याशी गाठ आहे," मी म्हणालो.

शब्द दिला की मला चैन पडत नाही. पुढचं दीड वर्ष मी त्या झाडासाठी सगळ्यांशी भांडलो. गिट्टीचा ट्रक कुंपणाला टेकला म्हणून ड्रायव्हरशी भांडलो. सेंट्रिंगवाल्याने दोरी बांधायला खोडात खिळा ठोकला, तो मी उपटला आणि त्याच्या हातात दिला. मजुरांच्या बायका सावलीत चूल मांडायच्या, त्यांना उठवताना माझा आवाज इतका चढला की एका बाईचं पोर रडायला लागलं. त्याची मला नंतर लाज वाटली, पण चूल मी हलवलीच. आमचे मिस्त्री वयाने मोठे आणि जिभेने तिखट. ते म्हणायचे, "साहेब, थंडी पडून राह्यली. झाडाले पांघरूण घालून द्या." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि पुन्हा एक चक्कर मारून कुंपणाची हिरवी जाळी नीट आहे की नाही ते पाहून यायचो.

इमारत झाली, झाड उभं राहिलं. पान न् पान सुखरूप. तिथेच थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं.

शेवटी बाहेरचं काम होतं. हिरवळ, पाणी जिरेल असे फटी ठेवून बसवलेले पेव्हर ब्लॉक, कंपाउंडच्या कडेने नवी रोपं. हे सगळं नियमात बसवून अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय इमारत वापरायचा दाखला मिळत नाही. चार नंबरभोवतीचं कुंपण काढलं तेव्हा झाड मला उघडंबोडकं वाटलं. एवढं सांभाळलेलं झाड, त्याचा काही मान नको का? मी मिस्त्रींना म्हणालो, याला ओटा बांधू.

हे डोक्यात कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. आमचं गाव अल्लीपूरकडचं. गावात चौकातल्या निंबाला दगडी ओटा होता आणि माझ्या आजोबांना त्यावर बसायची मुभा नव्हती. ते खाली, बाजूला उभे राहायचे. पुढे आमच्या वस्तीतल्या लोकांनी विहाराच्या पिंपळाला स्वतःच्या हातांनी ओटा बांधला. बाबा संध्याकाळी त्यावर पाय हलवत बसायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही, कुठल्याही घरचा असो, "ये, बस" म्हणायचे. ज्या झाडाला माणसं मानतात त्याला ओटा असतो, आणि चांगला ओटा म्हणजे जिथून कोणी कोणाला उठवत नाही, हे मी तिथून शिकलो. आपल्या हाताने असा एक ओटा बांधावा अशी हौस मला कधीपासून होती. ती मी पुरवून घेतली.

माती आयतीच होती. पायव्यातून निघालेल्या काळ्या मातीचा ढीग कुठे टाकावा हा प्रश्नच होता. अडीच फूट उंच गोल भिंत बांधली, आत बुंध्यापर्यंत माती दाबून भरली, वरून सिमेंटचा गिलावा. गिलाव्यात बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडली, पाण्याला. भिंतीला गेरू, कडेला चुन्याची पट्टी. मिस्त्री या वेळी टोमणा मारायचं विसरले. तपासायला आलेले अधिकारी ओट्यावरच बसले, चहा प्यायले, "हे चांगलं केलं तुम्ही," म्हणाले आणि चार नंबरपुढे खूण केली. आणि काकू. त्या तर रोजच येऊ लागल्या. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन सकाळी ओट्यावर टोपली मांडायच्या आणि वसतिगृहातल्या मुली तिथेच भाजी घ्यायच्या. आपल्याच झाडाखाली त्या मांडी घालून बसलेल्या पाहिल्या की मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला माझाच अभिमान वाटायचा.

पुढच्या माघात आंब्याला मोहोर आला नाही. मी म्हटलं, एखादं साल असतं असं. मग पानं बारकी आणि पिवळट दिसू लागली. मी म्हटलं, धुकं पडलं. मागच्या बाजूला दुसरी छोटी इमारत सुरू होती, त्यामुळे मी दिवसातून दहादा तिथून जायचो, आणि दर वेळी मान वर करून पाहायचो, आणि दर वेळी काहीतरी कारण शोधून पुढे निघायचो. चैत्र लागला तेव्हा शेंड्याच्या दोन फांद्या वाळून काड्या झाल्या होत्या. काकूंनी विचारलं, "बाबू, हे असं काऊन होऊन राह्यलं?" मी म्हणालो, पाहतो.

शाळेपासूनचा एक मित्र शेतीशास्त्र शिकवतो. त्याला फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला आणि झाडाचं काही न विचारता पहिला प्रश्न केला, "ओटा कधी बांधला?"

मी महिना सांगितला.

"आत काय भरलं?"

"काळी माती."

 तो म्हणाला, "अरे, वरच्या मुळांना हवा लागते. आणि बुंधा जिथे जमिनीत शिरतो ती जागा उघडी पाहिजे. तू त्याला गळ्यापर्यंत पुरलं आहेस."

मी साइटवरच्या खोलीत गेलो. कागद अजून भिंतीवर होता. बुंध्याभोवती जमिनीची पातळी बदलू नये. मी ते वाक्य दीड वर्ष असं वाचत होतो की खोदू नये. पातळी वरही जाते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्याच काय, मिस्त्रींच्या नाही, चहा पिणाऱ्या अधिकाऱ्यांच्याही नाही. आम्हा सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की ओटा बांधला म्हणजे झाडाचं भलं झालं.

मालकाला मी फोनवर सांगितलं की ओट्याला भेग गेली आहे, तोडून नीट करतो. भेग वगैरे काही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री आणि दोन माणसं घेऊन ओट्याला लोखंडी सब्बल लावली. काकू नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी टोपली उचलून फाटकाशी ठेवली आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. गिलावा फुटला. माझ्याच गेरूचे तुकडे माझ्या पायाशी पडत होते. बुंध्याजवळ फावडं नको म्हणून मी स्वतः खुरपं घेऊन बसलो.

चैत्रात सगळीकडे जमीन भेगाळलेली असताना आतली माती ओलीगच्च निघाली. हाताला चिकटणारी, आंबूस वासाची. खोडाची साल बोटाने दाबली तर शिळ्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी निघून आली. खाली काळं पडलेलं होतं. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, मागून. मला काय झालं कळलं नाही. म्हणजे, आता कळतं. दोष माझा होता आणि तो मला कुठेतरी टाकायचा होता.

मी उठून ओरडलो, "इथं पाणी कोण टाकून राह्यलं? या उन्हात चिखल कायचा? ज्यानं पाणी टाकलं त्यानंच मारलं हे झाड."

मिस्त्रींनी खाली पाहिलं. दोन्ही माणसांनी खाली पाहिलं. बागेचं काम पाहणारा कोणी तिथे नव्हताच, मी कोणावर ओरडत होतो कोणास ठाऊक. फाटकाजवळून काकू हळूहळू आल्या.

"मी टाको," त्या म्हणाल्या. "भाजी धुतली का बादलीतलं पाणी इथंच टाको. रोज, सकाळ-संध्याकाळ. म्हटलं वर सिमेंट झालं, झाडाले पाणी कुठून भेटन."

माझ्या हातातलं खुरपं मातीने माखलेलं होतं. मी म्हणालो, "नाई काकू, पाण्यानं नाई झालं. ओटा मी बांधला. ही माती मी भरली. पाणी टाकलं नसतं तरी हेच झालं असतं."

हे पूर्ण खरं नव्हतं. रोजच्या पाण्याने कुजणं लवकर झालं असणार, मित्रही नंतर तसंच म्हणाला. पण मूळ कारण माझं होतं, आणि ते मी उशिरा का होईना, सगळ्यांसमोर बोललो.

काकूंनी बुंध्याच्या उघड्या पडलेल्या काळ्या भागावर तळवा ठेवला. "पण पाणी तं मीच टाकलं ना," एवढंच म्हणाल्या. मग टोपली उचलून निघून गेल्या. मी मागे जायला हवं होतं. एरवी बिनकामाच्या चकरा मारणारा मी, त्या वेळी मात्र मला पाय उचलता आला नाही.

माती सगळी काढली. उगवतीच्या बाजूची साल शाबूत होती, साधारण दोन हात रुंद. मित्र येऊन पाहून गेला. वाळलेल्या फांद्या उतरवल्या, कापलेल्या जागी औषध लावलं. त्याने हातचं न राखता सांगितलं, जगलं तर अर्धं जगेल, पुढच्या दोन उन्हाळ्यांत कळेल. मी मालकाला फोन करून भेगेचं खोटं कबूल केलं. ते म्हणाले, "झाड कुठलं ते?" मी सांगितलं. त्यांना आठवलं नाही.

काकू आठ दिवसांनी पुन्हा येऊ लागल्या. आता ओटा नव्हता, त्या पोतं अंथरून जमिनीवर बसायच्या. माझ्याशी नीट बोलायच्या, घरी न्यायला पालकाची जुडी द्यायच्या, आणि भाजी धुतल्यावर बादली उचलून रस्ता ओलांडायच्या, गाड्या चुकवत, आणि पलीकडच्या नालीत पाणी ओतून यायच्या. हे मी मागच्या इमारतीच्या स्लॅबवरून पाहायचो. रोज पाहायचो.

वैशाखात उगवतीच्या फांदीवर तांबूस पालवी फुटली. मित्र म्हणाला, आता थोडं पाणी लागेल, खोडापासून दूर, सावलीच्या कडेने. मी धावतच खाली आलो. काकू बादली घेऊन रस्त्याकडे निघाल्याच होत्या.

"काकू, तिकडं काऊन नेऊन राह्यल्या? झाडाले पायजे आता. टाका इथं, या कडेनं."

त्यांनी पालवीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं भाजी पिकवलेली बाई, कोणत्या वाफ्याला किती पाणी हे पायाच्या तळव्याला कळणारी. त्यांनी बादली माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

"तुमीच टाका, बाबू," त्या म्हणाल्या. "मले आता समजत नाई."