आमच्या घरातलं एक अमेरिकन मत

आमच्या भावजींना बाजारात सगळे ‘चौकटचा राजा’ म्हणतात. दुकान तसबिरींना चौकटी करण्याचं आणि बसायची ऐट पत्त्यातल्या राजासारखी, म्हणून. मी त्यांचा मेहुणा. थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि तिच्या पाठोपाठ मीही त्यांच्या दुकानात येऊन पडलो, तो आजतागायत. मी लाकडाच्या पट्ट्या कापतो, ते काच कापतात. काचेला मला हात लावू देत नाहीत. तू बोलत बोलत कापतोस, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

राजाला राजकारणाचं मात्र वावडं. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर आली, तरी हे शांतपणे विचारणार, “काच साधी घालू की जाड?” इथल्या निवडणुकीला बहिणीनं मागं लागून लागून घराबाहेर काढल्याशिवाय ते कधी मत द्यायला गेले नाहीत. असा हा माणूस यंदा अमेरिकेतलं कुठलं राज्य कुणाकडे झुकलंय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू लागला. दुकानात कधी नव्हे तो रेडिओ आला. मी चेष्टा केली, की आता तिकडच्या अध्यक्षाच्या तसबिरीची ऑर्डर मिळणार वाटतं. ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चेष्टेचे दिवस गेले.

कारण धाकटा. त्यांचा मुलगा, माझा भाचा. दूरच्या देशातल्या एका बंदरावर तो क्रेन चालवतो. गेला तेव्हा तिथं लढाई नव्हती. मग सीमेवर सुरू झाली, मग अमेरिकेची विमानं तिच्यात उतरली, आणि बघता बघता ती बंदरापर्यंत आली. विमानतळ बंद झाला. कंपनी म्हणते, रस्ता मोकळा झाला की सगळ्यांना घरी पाठवू, तोवर काम चालू ठेवा. धाकटा फोनवर हसायचा. वरून समुद्र झकास दिसतो म्हणायचा. आवाज येतात, पण लांब येतात म्हणायचा. आईला काळजी वाटू नये म्हणून पोरं जे जे बोलतात, ते सगळं बोलायचा.

तिकडच्या निवडणुकीत दोघे उभे होते. एक म्हणायचा, मी लढाई थांबवतो. दुसरा म्हणायचा, मी लढाई संपवतो. ऐकायला एकाच माळेचे मणी, पण संपवणाऱ्याला त्याआधी आणखी विमानं पाठवायची होती. भावजींनी थांबवणाऱ्यावर जीव टाकला. टीव्हीवर बघ, संपवणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरची तसबीर वाकडी लागलीय, ती ज्याला दिसत नाही त्याला जगाचं काय दिसणार, असं ते म्हणत. थांबवणाऱ्याच्या मागं भिंतच नसते, नुसता पडदा असतो, हे मी दाखवून दिलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मला खरं तर राग यायचा. खुर्चीवर कोण बसलाय त्याप्रमाणे बॉम्ब काय कडू-गोड होतात? उंटावरून शेळ्या हाकणारी ही माणसं. निवडून येईपर्यंत एक बोलतात आणि आल्यावर सेनापती सांगतील ते करतात. एकदा मी हे बोलून गेलो. भावजी म्हणाले, “असेल तसं. पण मला धरायला दुसरं काही दाखव.”

पावसाळा सरता सरता एक गृहस्थ दुकानात आले. वयानं भावजींच्याच बरोबरीचे, शर्टाची वरची गुंडी नीट लावलेली. त्यांनी पाकिटातून एक फोटो काढून बाकावर ठेवला. त्यांचा तरुण मुलगा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागं क्रेनचे पाय. त्याच बंदराचा, त्याच कंपनीचा. भावजींनी फोटो हातात घेतला आणि नेहमीचं “काच साधी की जाड?” हे विचारलंच नाही. त्या गृहस्थांनाच वाटलं, की काही तरी बोलायला हवं. ते म्हणाले, गोदामावर बॉम्ब पडला, तेव्हा हा जेवायच्या सुट्टीत तिथं सावलीला बसला होता. मग त्यांनी भिंतीवरचे नमुने बघून एक साधी काळी पट्टी निवडली आणि संध्याकाळी येतो म्हणून गेले.

काचेचा एक नियम आहे. कटरनं रेघ एकदाच ओढायची, एका दमात. ओढलेल्या रेघेवरून पुन्हा कटर फिरवला तर काच रेघ सोडून भलतीकडेच तडकते. हे भावजींनी शिकाऊ असतानाच पाठ केलेलं. त्या दिवशी त्यांनी एकाच रेघेवरून दोनदा कटर ओढला. काच कोपऱ्यातून तडकली. दुसरी घेतली, तीही तशीच गेली. मग ते स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, “तू काप.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी कापली, आणि एक अक्षर बोललो नाही.

त्या दिवसापासून त्यांनी थोरलीचा पिच्छा पुरवला. थोरली म्हणजे त्यांची मुलगी. लग्न करून अमेरिकेत गेली, तिथं एका प्रयोगशाळेत नोकरी करते, आणि दोन वर्षांपूर्वी तिकडची नागरिक झाली. म्हणजे तिला मत होतं. आमच्या अख्ख्या खानदानात त्या लढाईवर चालू शकेल असं ते एकच मत. भावजी तिला रोज फोन लावत. आधी समजावून, मग रागावून, मग अक्षरशः हात जोडून. फोनवर जोडलेले हात दिसत नाहीत, पण मला दिसत होते, आणि बघवत नव्हते. ती म्हणायची, हो बाबा, बघते बाबा. बहीण स्वयंपाकघरातून ओरडायची, “बघते काय, भाऊ आहे तुझा!”

एका दुपारी थोरलीनं मलाच फोन केला. भाची लहानपणापासून माझ्याशी मोकळी. बापाला सांगायचं नाही ते मामाला. तिची मुलगी सहा वर्षांची आहे, आम्ही तिला पिटुकली म्हणतो. तिच्या रक्ताचं काही तरी दुखणं आहे. महिन्याला एक इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि ते सरकारी योजनेतून मिळतं म्हणून पोरगी खेळती-बागडती आहे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. तो थांबवणारा जो होता ना, त्याचं म्हणणं असं, की सरकारनं पैसा कुठंच उधळायचा नाही. परक्याच्या लढाईवर नाही, आणि लोकांच्या औषधावरही नाही. ती योजना संपवणारा चालू ठेवणार होता; हा मात्र ती पहिल्या वर्षातच बंद करणार होता. भाषणात तसं सांगतच होता. आमच्या रेडिओवर तेवढं आलं नव्हतं, कारण आम्ही तेवढं ऐकत नव्हतो.

“मामा, मी काय करू?” ती म्हणाली. “एकीकडे माझी पोर, एकीकडे माझा भाऊ. आणि बाबा रोज विचारतात.”

मी म्हणालो, बाई, हे तू त्यांनाच सांग. माझ्या तोंडून गेलं तर त्यांना वाटेल मी निमित्त काढतोय. ती म्हणाली, सांगते. आणि मग रोज सांगायचं राहून गेलं.

मतदानाचा दिवस उजाडला. तिकडे सकाळ झाली, तेव्हा इकडे दुकानात दिवे लागले होते. भावजी एका शाळेच्या समूहचित्राला पुठ्ठा लावत होते, बोटं डिंकानं भरलेली. थोरलीचा फोन आला. त्यांनी मला खुणावलं, तसा मी स्पीकर लावून फोन बाकावर ठेवला. मागं माणसांची कुजबूज, गाड्यांचे आवाज. ती रांगेत उभी होती.

भावजींचा चेहरा उजळला. लवकर गेलीस ते बरं केलंस, म्हणाले. कुणावर खूण करायची ते पुन्हा सांगायला लागले, आणि तिनं मध्येच तोडलं. मग तिनं सगळं सांगितलं. योजना, इंजेक्शन, थांबवणारा काय काय थांबवणार आहे ते. फार बारीक आवाजात, कारण पुढं-मागं माणसं होती, आपली भाषा कळणारी नसली तरी. शेवटी म्हणाली, “बाबा, माझ्यानं ठरत नाही. तुम्ही सांगाल तसं करते. खरंच करते. पुढं आता थोडीच माणसं आहेत.”

मी भावजींकडे बघितलंच नाही, मी पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. दोन महिने ज्या माणसानं एकाच गोष्टीचा धोशा लावला होता, त्याच्या हातात आता ती गोष्ट आयती येऊन पडली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. रेडिओ चालू होता, तो त्यांनी डिंकाच्या बोटांनीच बंद केला. मला वाटलं, ते म्हणतील, बघू पुढचं पुढं, पोरीचं काही तरी करू आपण. मीही मनात तेच म्हणत होतो, आणि माझी मलाच लाज वाटत होती. कारण पिटुकलीनं मागच्या महिन्यात मला फोनवर अख्खे पाढे म्हणून दाखवले होते.

तिकडून ती म्हणाली, “बाबा?”

“इंजेक्शनचं बघ,” भावजी म्हणाले. “पोरीचं बघ. भावाचं मी बघतो.”

ती रडायला लागली. रांगेत रडू नकोस, लोक काय म्हणतील, असं म्हणून त्यांनी मला फोन बंद करायला लावला. मग पुठ्ठा पुन्हा लावायला घेतला. भावाचं मी बघतो म्हणे. काय बघणार होते? दुकानाबाहेरचा दिवा गेला तर नगरपालिकेकडून तो यांना बदलून घेता येत नाही. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं, दोन्ही एकदम. दुकान बंद करताना ते एवढंच म्हणाले, की घरी यातलं काही बोलू नकोस.

घरी बहीण देव पाण्यात घालून बसल्यासारखी टीव्हीसमोर बसली होती. मोजणीला अजून अवकाश होता, पण ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. थोरलीचं मत पडलं का, तिनं विचारलं. भावजी म्हणाले, पडलं. तिनं सुस्कारा सोडला आणि आम्हाला वाढायला उठली.

आम्ही जेवत असताना धाकट्याचा फोन आला. आदल्या दिवशी लाइन लागलीच नव्हती, म्हणून बहीण आधी त्याला पोटभर रागावली. मग भावजींनी फोन घेतला, स्पीकर चालूच होता. त्यांनी कामाचं विचारलं, हवेचं विचारलं. धाकटा नेहमीसारखं हसत होता. समुद्र, क्रेन, जेवणातलं मीठ. आणि मग हसणं थांबवून त्यानं विचारलं, “बाबा, ताईनं मत दिलं ना?”

इतक्या महिन्यांत त्यानं हा विषय एकदाही काढला नव्हता. भावजी निवडणुकीचं बोलायला लागले, की तोच उडवून लावायचा. एका मतानं काय होतंय, म्हणायचा. आम्हाला वाटायचं, पोराला पर्वा नाही. मी घास तसाच ताटात ठेवला.

भावजी म्हणाले, “दिलं. माझ्याशी बोलूनच दिलं.”

“मग बरं झालं,” धाकटा म्हणाला. “इथं खोलीत सगळे सकाळपासून मलाच विचारतायत. एकट्या माझीच बहीण तिकडे आहे ना. थांबा हं, सांगतो त्यांना.”

त्यानं तोंडापासून फोन लांब धरला आणि मोठ्यानं काही तरी सांगितलं. पलीकडे एकदम गलका झाला, बरीच माणसं होती, कुणी तरी टाळी वाजवली, कुणी तरी बहुतेक त्याच्या पाठीत धपाटा घातला. बहीण हसत हसत डोळे पुसत होती. भावजी फोन कानाला घट्ट धरून तो गलका संपेपर्यंत ऐकत राहिले.