पुंजाजी फिटरनं पाहिलेलं पिच्चर

अकोल्यात नवं पिच्चर लागलं की त्याचे दोन निकाल लागत. पहिला निकाल शुक्रवारी थेटरातून शिट्ट्या मारत बाहेर पडणारी पोरं लावत. दुसरा निकाल सोमवारी संध्याकाळी, स्टेशनच्या रस्त्यावर नत्थुजीच्या चहाच्या टपरीत, पुंजाजी फिटर देई. घरच्या बायामाणसांना घेऊन जाणारे लोक सोमवारपर्यंत थांबत.

पुंजाजी जिनिंगमध्ये कामाला होता. एका लांब शेडात दोन रांगांनी चोवीस जिनं, वर छताजवळून फिरणारा लोखंडी दांडा, त्यावरून खाली आलेले चोवीस पट्टे. कापूस आत जाई, सरकी खाली गळे आणि रुई पुढे येई. हे सगळं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत न अडखळता चालतं ठेवणं हे पुंजाजीचं काम. चाळिशीला टेकलेला, उंच, सडपातळ माणूस. बोटांच्या पेरांत बसलेलं काळं तेल दसऱ्यालाही निघत नसे. त्याला नाद एकच, पिच्चरचा. रविवारी तीनचा खेळ त्यानं कधी चुकवला नाही.

त्याची पारखायची रीत वेगळी होती. नट देखणा आहे की नाही, गाणी किती आहेत, याच्याशी त्याला कर्तव्य नसे.

"काहून गा पुंजाजी, कसं हाये पिच्चर?" टांगेवाला सूर्यभान विचारी.

"माय चांगली हाये. पन जातं रिकामं हाये."

"म्हंजे?"

"म्हंजे काय! एक आख्खं गानं होईस्तोवर दळून राह्यली ते, अन् खाली पिठाचा कण नाई. घासच घातला नाई तिनं जात्यात. दाणा नसला का जातं हलकं फिरते, खुंट्यावरचा हात असा सैल राह्यते. माह्या मायनं वीस वर्षं लोकायचं दळलं. मले शिकवतं?"

नत्थुजीची बायको पार्बताबाई दुसऱ्याच दिवशी ते पिच्चर बघून आली. शेजारणींनी विचारलं तर म्हणाली, "अवो, रडली मी बम. पन जातं रिकामंच होतं." पुढं पुढं टपरीवर तो शब्दच पडला. एखादं पिच्चर पोकळ निघालं की लोक म्हणत, "रिकामं जातं हाये, नोको जाऊ."

एका पिच्चरमधला लोहार हातोडा दांड्याच्या टोकाऐवजी लोखंडाजवळ धरतो, म्हणून पुंजाजीनं त्याला नापास केलं. दुसऱ्या एका पडेल पिच्चरमधली म्हातारी सुई ओवताना दोरा आधी ओठांत ओला करते आणि मग उजेडाकडे वळते, तेवढ्यावर त्यानं ते पास केलं. कमलाकांत मास्तर, म्हणजे हायस्कूलचे चित्रकलेचे शिक्षक, बाल्कनीत बसून पिच्चर बघत आणि इंग्रजी मासिकं वाचत. ते एकदा म्हणाले, "पुंजाजी, मी पोरांना हात काढायला शिकवतो रे, पण तू हात वाचतोस."

त्या टपरीतलं बाक पुंजाजीला सुखासुखी मिळालं नव्हतं. छप्पन सालाआधी तो बाहेर उभा राहून चहा पिई. त्याचा कप वेगळा, बाहेरच्या खिळ्याला टांगलेला. नागपूरहून दीक्षा घेऊन आला त्याच आठवड्यात त्यानं तो कप खिळ्यावरून काढला, रस्त्यावर आपटला आणि आत येऊन बाकावर बसला. त्या वेळी एका पिच्चरवरून वाद रंगला होता. सगळे एकदम गप्प झाले.

"चालू द्या ना," पुंजाजी म्हणाला. "मले बी त्या पिच्चरवर बोलाचं हाये. बाहीरून बोललो तं रस्ता जमा होईन."

मास्तर सरकले. नत्थुजीनं दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच काचेच्या ग्लासात त्याला चहा दिला. आता पाच वर्षं होत आली होती. बाकाचा भिंतीकडचा कोपरा पुंजाजीचा, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. पुंजाजीला ऐकू येणं बंद होत आलं होतं.

सोळा हंगाम चोवीस जिनांच्या खडखडाटात काढल्यावर कान तरी किती टिकणार? आधी पाखरांचा आवाज गेला, मग बायकोची हाक गेली, मग दाराची कडी. उरला तो एकच आवाज, जिनांचा, आणि तो रविवारीही थांबेना. कामात त्यानं युक्ती काढली. पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ हनुवटीला लावायची. बेअरिंग बिघडलं असेल तर हाडाला लगेच कळे. माणसांचं तसं जमेना, म्हणून तो त्यांच्या ओठांकडे बघायला शिकला. कोपऱ्यात बसलं की समोरची सगळी तोंडं दिसत, म्हणून तो कोपरा त्याला जिवापलीकडे प्यारा.

पिच्चर ऐकायचं काम त्याची बायको दुर्गाबाई करी. ती बायकांच्या बाजूला बसून बघे आणि घरी आल्यावर चुलीपुढे त्याला समजेल असं सांगे. कोण काय बोललं, कोणाचं गाणं कोणाला लागलं. हातवारे करी, ओठ हळू हलवी, आणि मधेच चिडे. "अजी, सांगून टाका ना एकदा त्या लोकाईले! थे का खाऊन राह्यले तुमाले?"

"खात नाई. पन बह्यऱ्याचं पिच्चरवरचं मत कोन ऐकीन?" तो म्हणे. "आज कीव करतीन, उद्या हासतीन, परवा मले बाहीर उभा करतीन. एक डाव बाहीर उभा होतो मी. बस झालं."

एकसष्ट सालच्या माघात एक पिच्चर आलं. एका म्हाताऱ्या सुताराची आणि शहरात मोठा झालेल्या त्याच्या पोराची गोष्ट. रविवारचा तीनचा खेळ शेवटचा होता. फिल्मची पेटी संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला जायची होती. दुर्गाबाई बहिणीच्या बाळंतपणाला पातूरला गेलेली. पुंजाजी एकटाच गेला आणि पुढच्या बाकड्यांवर बसला. मास्तर वर बाल्कनीत होते, सूर्यभान मागं कुठंतरी.

इंटरवलनंतर चारपाच मिनिटं झाली असतील. पुंजाजीला मागं हालचाल जाणवली. वळून बघतो तर लोक उठून उभे राहिलेले, कोणी ऑपरेटरच्या खिडकीकडे हात नाचवतोय, कोणी टोपी हलवतोय. मग लोक दाराकडे निघाले. पुंजाजीनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर म्हातारा पोराच्या नव्या घरासाठी दार बनवत होता. रंधा असा चालत होता की त्यातून लाकडाची लांब कुरळी सालपटं निघत होती. असं खरं काम त्यानं कुठल्याच पिच्चरमध्ये पाहिलं नव्हतं. आणि हे लोक उठून चालले होते! नाच नाही, मारामारी नाही, म्हणून कंटाळले असणार. त्याला संताप आला. तो तसाच मान ताठ करून बसून राहिला. पातूरकडचे दहाबारा शेतकरीही बसून होते. त्यांची मोटर सातला होती. बाहेर जाऊन तरी काय करायचं, या हिशोबानं ते बसले होते. त्या मूठभर लोकांसाठी पिच्चर शेवटपर्यंत चाललं.

सोमवारी संध्याकाळी पुंजाजी टपरीत शिरला तोच तणतणत. कोपऱ्यात न जाता तो बाकाच्या टोकालाच, रस्त्याकडे पाठ आणि मास्तरांकडे तोंड करून टेकला.

"काय लोक हाये बाप्पा अकोल्याचे! असं पिच्चर अन् अर्ध्यातून उठून गेले! मास्तर, तुमी बी? तुमाले तं समजाले पाह्यजे होतं."

नत्थुजीला वाटलं, फिटर आज थट्टेत आहे. चहा पुढं ठेवत तो हसला. "मंग का करतीन ते बिचारे?"

"बसाचं! डोये देल्ले ना देवानं?" आपण देवाचं नाव घेतलं हे लक्षात येऊन तो थबकला आणि आणखीच चिडला. "देवानं नाई तं मायनं देल्ले. इंटरवलच्या मांगचं तं खरं पिच्चर होतं. काय त्या म्हाताऱ्याचा हात! मी सांगतो, तो मानूस नट नाईच, सुतारच हाये."

आता कोणी हसेना. सूर्यभान टपरीबाहेर घोड्याला पाणी दाखवत होता. तो पुंजाजीच्या पाठीमागून म्हणाला, "अबे, आवाजच बंद पडला होता ना! मशीन बिघडलं. दुसऱ्या पिच्चरचे पास देले लोकाईले."

पुंजाजी बोलतच होता. रंध्याचं पातं किती बाहेर काढावं लागतं, हे तो बोटांनी दाखवत होता.

"पुंजाजी!" सूर्यभान मोठ्यानं ओरडला. घोडा दचकला. पुंजाजीची मान वळली नाही.

मास्तरांनी सूर्यभानकडे पाहिलं, मग पुंजाजीच्या डोळ्यांकडे. ते डोळे मास्तरांच्या ओठांवर लागलेले होते, आणि गेली कित्येक वर्षं ते तिथेच असत, हे मास्तरांना त्या क्षणी उमगलं. त्यांनी कोटाच्या खिशातून खडूचा तुकडा काढला आणि समोरच्या टेबलाच्या फळीवर लिहिलं, 'काल इंटरवलनंतर आवाज बंद होता.'

पुंजाजी रात्रशाळेत वाचायला शिकलेला. त्यानं एकेक अक्षर वाचलं. मग पुन्हा वाचलं. तळहातानं ती ओळ पुसली. ग्लासात अर्धा चहा होता, तो तसाच ठेवून तो उभा राहिला आणि बाहेर निघाला. पायरीपर्यंत गेला असेल. सूर्यभाननं त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"कोठी चालला?"

पुंजाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कोठी चालला बे बह्यऱ्या?" सूर्यभान आता एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "आमी अर्ध्यातून उठलो. पेटी गेली अमरावतीले. त्या पोरानं बापाले घरात घेतलं का नाई, थे सांगून जाय. काल सांजपासून माह्या जिवाले चैन नाई!"

"बसा फिटर," नत्थुजी म्हणाला. त्यानं पुंजाजीला आजवर 'अहो-जाहो' केलेलं कोणी ऐकलं नव्हतं. "चहा थंडा झाला, दुसरा टाकतो."

पुंजाजीनं तिघांची तोंडं नीट पाहून घेतली. कीव आहे का, हसू आहे का, हे शोधलं. सूर्यभानच्या तोंडावर तर फक्त उतावीळपणा होता, भाकरीची वाट बघणाऱ्या माणसासारखा. मग तो परत येऊन कोपऱ्यात बसला आणि त्यानं शेवट सांगायला सुरुवात केली.

तो सांगत होता आणि त्याचे हात म्हाताऱ्याचे झाले होते. दार कसं घडवलं, बिजागऱ्या कशा ठोकल्या, दार बसवून झाल्यावर म्हाताऱ्यानं ते तीन वेळा उघडून लावून कसं पाहिलं, आणि सगळं झाल्यावर हत्यारं पिशवीत भरून तो आत न जाता बाहेरच्या पायरीवर कसा बसला. पोरगा येतो. बापाला बघतो. त्या कोऱ्या दाराच्या चौकटीवरून हात फिरवतो आणि एका जागी थांबतो. लहानपणी बाप त्याची उंची चौकटीवर खुणेनं कोरायचा. तशीच एक खूण नव्या चौकटीवर कोरलेली असते, पोराच्या आताच्या उंचीची. पोरगा बापाच्या हातातली पिशवी घेतो आणि आत नेऊन ठेवतो. मागोमाग म्हातारा उठतो.

टपरीसमोर रस्त्यावर पंधरावीस माणसं थांबली होती. एकानं सायकल उभ्या उभ्याच धरली होती. पार्बताबाई आतल्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"पण बाप शेवटी काय म्हणाला?" मास्तरांनी त्याच्यासमोर तोंड आणून विचारलं.

"काईच नाई. ओठच हालले नाई त्याचे. मी पाह्यलं ना."

दुसऱ्या दिवसापासून नत्थुजीनं भिंतीलगतचं दुसरं बाक ओढून पुंजाजीच्या समोर आणलं. म्हणाला, इथे उजेड बरा पडतो. सूर्यभान बोलायच्या आधी टेबलावर टिचकी मारू लागला, कारण फळीचा हादरा पुंजाजीच्या कोपराला कळे. दुर्गाबाई पातूरहून आली आणि तिनं हे ऐकलं, तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाली, "तीन वर्षं माह्या जिभेले फोड आले, अन् तुमी एका सांजीत मोकळे!"

पुढच्या रविवारी सूर्यभाननं एक उद्योग केला. दोन्ही कानांत रुईचे बोळे कोंबून तो पिच्चरला बसला. सोमवारी बोळे टेबलावर टाकून म्हणाला, "मले तं काई समजलं नाई गड्या. नाचनाऱ्याईचे तोंडं पाहून नुसतं हासूच आलं. तुह्यासारखं पाहणं आपल्याच्यानं होत नाई."

पुंजाजीनं ते बोळे बोटांत घेऊन चुरगाळले. "रुई आमच्याच जिनाची हाये," तो म्हणाला. "सोळा वर्षं हिच्यात बसलो. एवढी चिमटीभर कानात घालाची अक्कल नाई आली." मंगळवारी सकाळी दांडा फिरायला लागायच्या आधी त्यानं जिनांवर कापूस सोडणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातावर दोनदोन बोळे ठेवले. बायका हसल्या. त्यानं मुकाट्यानं स्वतःच्या कानांकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी ते घातले.

महिन्याभरानं अमरावतीहून सूर्यभानच्या साळ्याचं कार्ड आलं. त्यानं तेच सुताराचं पिच्चर आवाजासकट पाहिलं होतं. मास्तरांनी कार्ड वाचलं आणि पुंजाजीकडे तोंड करून सावकाश सांगितलं, "हा म्हणतो, शेवट अगदी तू सांगितलास तसाच आहे. फक्त शेवटी मागून एक मोठं गाणं वाजतं. वडिलांच्या मायेवर. थेटरातले सगळे रडले म्हणे."

पुंजाजीनं चहाचा घोट घेतला, थोडा विचार केला.

"गानं असन तं असन," तो म्हणाला. "म्हातारा तं चूपच होता." मग समोरच्या बाकाकडे बघत त्यानं विचारलं, "बरं, या शुक्रवारी कोनतं लागून राह्यलं?"