कोंबडीची चंदेरी जाळी

माझा साडू वाटूरला राहतो, मी मंठ्याला. मधला रस्ता चांगला झाल्यापासून त्याच्या घरच्या बातम्या माझ्याकडे फार लवकर पोचतात, हा एक तोटाच.

मागच्या हिवाळ्यात त्याने परसात खड्डा खणला, कडेने विटा रचल्या, वर लोखंडी सळयांची जाळी टाकली आणि मोसंबीच्या वाळक्या फांद्यांच्या निखाऱ्यांवर कोंबडी भाजून सगळ्या सासुरवाडीला जेवू घातलं. सासरे एरवी जेवताना बोलत नाहीत. त्या दिवशी हाडूक चोखता चोखता म्हणाले, "मोठ्या जावयाच्या हाताला गुण हाय बरं का." मी शेजारीच बसलो होतो. माझ्याकडे त्यांनी लिंबू मागितलं.

परत येताना मोटारसायकलवर मागे बसलेली बायको मंठा येईपर्यंत त्या जाळीबद्दलच बोलत होती. "दाजींनी किती साधी केली, न्हाई?" साधी! त्याच क्षणी ठरवलं, सासऱ्यांच्या तोंडून तसं वाक्य माझ्याबद्दल निघालं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी वेल्डिंगच्या दुकानात हजर.

"जाळी कशाची? खिडकीची का गेटची?" वेल्डरने विचारलं.

"कोंबडीची."

"मंग खुराडं म्हना की!"

त्याला समजावलं. साडूच्या जाळीपेक्षा वीतभर मोठी, चार पाय, दोन्ही बाजूंना कड्या आणि पुढच्या पट्टीवर, खास माझ्या हट्टापायी, वेलबुट्टी. खड्डा मात्र मी स्वतः खणला, कडेच्या विटाही रचल्या. तळहात सोलवटले, ते आल्यागेल्या सगळ्यांना दाखवले.

जाळी घरी आली ती काळीकुट्ट. साडूचीही काळीच. मंग फरक काय राह्यला? आमच्या घरी लोखंडाची वस्तू आली, गेट असो की कूलरचा स्टँड, की आधी रेड ऑक्साईड आणि वरून चंदेरी ऑइलपेंट, हा रिवाजच. मी दोन-दोन हात मारले. उन्हात जाळी अशी चमकली की बायको थबकली.

"लग्नातल्या खुर्चीवानी दिसून राह्यली," ती म्हणाली. मी हे कौतुक समजलो.

रविवारी सगळे जमले. साडूने जाळीवर बोट फिरवून हळूच विचारलं, "साडूभाऊ, हा रंग..."

"फिनिशिंग हाय ते," मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. जळतोय बिचारा, असं वाटून पोटात काय गारवा पडला म्हणून सांगू!

निखारे फुलले, तुकडे मांडले. थोड्याच वेळात रंग बुडबुडायला लागला. परसात नव्या गेटचा वास सुटला. चंदेरी पापुद्रे उचकटून कोंबडीवर बसले. सासऱ्यांनी चिमट्याने एक तंगडी उचलून उजेडात धरली.

"पाव्हणं, कोंबडीला वर्ख लावला का?"

बायकोच्या बहिणीला हसून हसून ठसका लागला. साडू मात्र हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने जाळी उतरवून भिंतीला टेकवली, रंग लागलेले तुकडे फेकायला लावले, निखारेसुद्धा बदलले. जाळी करून उरलेले, वेल्डरने दिलेले सळयांचे बिनरंगाचे तुकडे कोपऱ्यात पडले होते. ते घासूनपुसून त्यांत उरलेली कोंबडी ओवली आणि सळया विटांवर आडव्या ठेवल्या.

वर सासऱ्यांना म्हणतो कसा, "मामा, खड्डा बघा न. आच कशी बराबर लागून राह्यली."

सासरे वाकले. "खांदला तर झकास हाय," म्हणाले.

मिळालं कौतुक. पण तेही साडूच्या शिफारशीने, आणि खड्ड्याचं.

पहिला तुकडा त्याने मलाच दिला. आतपर्यंत शिजलेला, कडेने कुरकुरीत, मीठ बेताचं. कुठे तरी काही चुकलं असेलच, म्हणून मी बारकाईने चावत राहिलो. पहिल्यात सापडेना, म्हणून दुसरा घेतला, मग तिसरा. चौथ्यासाठी ताट पुढे केलं तेव्हा बायको माझ्याकडे टक लावून बघत होती.