यंत्राला भरलेला मळवट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण त्या दिवशी माझी बोबडी वळली होती! मी सांगतेय आणि आमची मृणालच लिहून घेतेय, मधेमधे तोंड दाबून. मला कुठं लिहिता-वाचता येतंय?

मृणाल माझी नात. बाप खराडीला कंप्युटरच्या कंपनीत, आणि ही उजेडावर पीएचडी करते. उजेड म्हणजे बटण दाबल्यावर पडतो तो नव्हे हो! लेसरचा जबरदस्त झटका वायूच्या फवाऱ्यावर मारायचा, की त्यातून नवाच उजेड निघतो. किती वेळ टिकतो? तुमची पापणी लवेल ना, तेवढ्यात तो कोटी-कोटी वेळा येऊन जाईल. बरं, डोळ्याला दिसत नाही. हवेत जगत नाही. म्हणून लोखंडी पिंपातली सगळी हवा उपसायची आणि तिथं त्याला जन्माला घालायचं. काय एकेक नखरे!

"आणि तो लेसर डोळ्यात गेला तर?" मी विचारलं.

"डोळा जातो," पोरगी म्हणाली. दूध उतू गेलं म्हणावं तशी!

झालं. माझी झोप उडाली.

त्यात आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळीपासून स्कूटरपर्यंत सगळं पुजतात, मुलाच्या लॅपटॉपलाही कुंकू लागतं. मृणालचं यंत्र तेवढं बिनपूजेचं, आणि सगळ्यात घातकी तेच! शिवाय संध्याकाळी तिला सरांना तो उजेड दाखवायचा होता. नाही दाखवला तर यंत्र दुसऱ्या मुलाकडे, हिची पाळी पुढच्या वर्षी. मी डबा भरला, कमरेला कुंकवाची डबी खोचली आणि रिक्षा केली.

तिच्या प्रयोगशाळेत अंधार, कोपऱ्यात एकच मिणमिणता दिवा. पंपाची धडधड. माझ्या छातीची त्याहून मोठी.

"आजी, या स्टुलावर बस. कशाला हात लावायचा नाही. आणि हा चष्मा काढायचा नाही." तिनं माझ्या डोळ्यांवर हिरवा-निळा जाड चष्मा चढवला, लेसर बंद केला आणि दोन घास खायला बाहेर गेली. आत खायला बंदी ना!

चष्मा कसली काढते मी? डोळे काय उसने मिळतात?

ते पिंप माझ्याकडे रोखून बघत होतं. समोर गोल काच, अगदी डोळ्यासारखी. बाकी सगळ्या नळ्या आणि वायरी, शॉक लागायचा! काच बरी. बोट ओलं केलं, डबीत बुडवलं, हात जोडले आणि टिळा लावला.

उमटेचना!

पुन्हा लावला. नुसता काळोख. यंत्र पूजा घेत नाही म्हणजे कोपलंय! मग काय, चारी बोटांनी मळवटच भरला आणि येऊन गपचूप स्टुलावर बसले.

मृणाल चष्मा चढवूनच आत आली. लेसर सुरू केला.

चट्ट!

जळका वास आला. मृणालनं किंचाळून मोठं बटण दाबलं. मी माझे डोळे चाचपले, मग तिचे.

"आजी, सोड! मला दिसतंय!"

सर धावत आले. चष्मे लावूनच दोघं वाकली.

"सर, काचेवर मोठा काळा डाग! काच जळली. मीच लेसर जास्त ठेवला असणार," मृणालचा आवाज रडवेला. "संपलं माझं."

"सकाळी काच स्वच्छ होती?"

"हो, सर. कुणीच हात लावला नाही."

आता बोलावं तर सर हाकलतील, न बोलावं तर पोरीचं वर्ष जातंय. मी उठले. सर म्हणाले, "सगळं बंद आहे, आता चष्मे काढा." काढले. आणि काय सांगू! काळा कसला डाग? लालभडक मळवट, मधोमध करपलेला, आणि खाली ओघळ. नवरात्रातली देवीच प्रकट झालेली! त्या चष्म्यातून लाल रंग दिसतच नाही, आणि लेसर पिंपात शिरतो तोही त्याच काचेतून, हे मला कोण सांगणार?

सरांनी काचेकडे बघितलं. मग माझ्या बोटांकडे.

"आजी," ते शांतपणे म्हणाले, "नारळ नाही ना फोडलात?"

"बाहेर ठेवलाय," मी खरं ते सांगितलं.

सरांनी कपाटातून नवी काच काढली. पुन्हा हवा उपसली, पुन्हा सगळं जुळवलं. तिन्हीसांजेला पडद्यावर फणीच्या दातांसारख्या उभ्या रेघा उमटल्या, तीच म्हणे त्या उजेडाची खूण. मृणालनं मला मिठीच मारली. एवढ्या भीतीनं जीव गेला तो या फणीसाठी!

पुढच्या खंडेनवमीला मी शहाणी झाले होते. आत पाऊलही टाकलं नाही. दारावर एक नवी कोरी पाटी होती, छान मोठ्या अक्षरांची. म्हटलं, यंत्राला नको, निदान हिला तरी! हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल खोचलं, नमस्कार केला.

मृणाल बाहेर आली आणि भिंतीला टेकून हसत सुटली.

"अगं, काय लिहिलंय तरी काय?"

"'यंत्राला कुंकू लावू नये.'"

"मग? कुठं लावलं?"

तिनं माझ्याच पदरानं खालचं कुंकू पुसलं आणि दुसरी ओळ वाचली, "'आजी, या पाटीलाही नाही.'"